दिवाणाला देवी येतात

बब्रुवान साळेगावकर सात वर्षं हंगामी होता. नळदुर्गच्या बोरीकाठ तेलबिया सहकारी संघात तो लिपिक. संघाची पत्रं तो लिहायचा, ठराव तो लिहायचा, अध्यक्षांची भाषणं तो लिहायचा आणि त्या भाषणांवर पहिली टाळीही तोच वाजवायचा. पण दर सहा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवून दुसऱ्या दिवशी नव्यानं कामावर घेत असत. त्यामुळे कागदोपत्री पाहिलं तर हा गृहस्थ वर्षातून दोनदा जन्माला येत होता. त्याला कायम करण्याचा हुकूम टाईप होऊन अध्यक्षांच्या ड्रॉवरमध्ये दीड वर्ष पडून होता. सही तेवढी राहिली होती.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. बोरी नदीच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळत होती आणि अर्धं गाव खडी फोडायला जात होतं. अशा वेळी संघाच्या संचालक मंडळानं दुष्काळाचा मुळापासून अभ्यास करायचं ठरवलं आणि त्यासाठी ते काश्मीरला निघालं. दुष्काळ काश्मीरमध्ये का पडत नाही हे एकदा नीट समजलं की तो इथं का पडतो हे आपोआप कळेल, असा तो विचार होता. ठराव बब्रुवाननंच लिहिला होता आणि लिहिताना त्याला तो पटलाही होता.

निघायच्या आदल्या दिवशी अध्यक्ष महालिंगप्पांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. केबिनमध्ये एक काचेची पेटी होती आणि तिच्यात दोन सोनेरी मासे. आप्पांनी ते हैदराबादहून आणले होते. एक जाडजूड, त्याचं नाव निजाम. दुसरा सडपातळ, लांब शेपटीचा, तो दिवाण. "ज्या निजामानं आपल्याला कोंडलं, त्याला म्या काचंत कोंडलंय," असं आप्पा आल्यागेल्याला सांगत. आप्पांकडे स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र होतं. रझाकारांच्या धामधुमीत ते सोलापूरला मावशीकडं राहायला होते असं गल्लीतली म्हातारी सरूबाई म्हणायची, पण प्रमाणपत्रं देणाऱ्या समितीवर सरूबाईला कुणी घेतलं नव्हतं.

"बब्रू, महिनाभर ही दोघं तुझ्या घरी," आप्पा म्हणाले. "दिवसातनं दोनदा चिमूटभर खाणं. चौथ्या दिवशी निम्मं पाणी बदलायचं. उनात ठेवायचं न्हाय. आल्यावर मला दोघं खुशीत दिसली पायजेत. दिसली की तुझ्या हुकमावर सही."

मासा खुशीत आहे हे कशावरून ओळखायचं, असा प्रश्न बब्रुवानच्या ओठांवर आला होता. पण हंगामी माणसानं प्रश्न विचारायचे नसतात. तो फक्त "व्हय आप्पा" म्हणाला.

हातगाड्यावरून पेटी गल्लीत आली तेव्हा साळेगावकरांनी रेडिओ घेतला अशी बातमी आधी पसरली आणि मागून मासे आले. सगळी गल्ली गोळा झाली. शेजारच्या सरूबाईनं काचेला नाक लावून दोघांना न्याहाळलं.

"बब्रू, हे खायाचं हाय का पुजायचं?"

"सांभाळायचं हाय, मावशी."

"मग लई अवघड हाय," म्हणून ती म्हशीला वैरण टाकायला निघून गेली.

अवघड आहे हे पहिल्याच टँकरला कळलं. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि एका रेशनकार्डाला चार घागरी मिळायच्या. पेटीत सहा घागरी मावत होत्या. निम्मं पाणी बदलायचं म्हणजे तीन. बब्रुवानची बायको सत्यभामा हिचं गणित कच्चं नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मानसं चार, घागर एक. मासं दोन, घागरी तीन. मग रेशनकार्डावर पयलं नाव त्यांचंच घाला की. तुमचं घाला खाली, अवलंबून म्हणून."

"अगं, कायमचा प्रश्न आहे," बब्रुवान म्हणाला. हे वाक्य तो सात वर्षं म्हणत होता. याच वाक्यावर सत्यभामेनं दोन वेळा माहेरच्या लग्नाला जायचं रद्द केलं होतं आणि एकदा आप्पांच्या घरी दोनशे पुरणपोळ्या लाटल्या होत्या. तिनं तीन घागरी पुढं सरकवल्या. मात्र पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्याचा एक थेंबही तिनं वाया जाऊ दिला नाही. त्यात आधी भांडी निघत, मग दोन्ही पोरींचे पाय, आणि उरलेलं सरूबाईच्या म्हशीला जाई. माशाच्या पाण्यानं म्हैस नीट दूध द्यायला लागली असं सरूबाईनं जाहीर केलं. पुढं तो तिचा हक्कच झाला. चौथ्या दिवशी सकाळी बादली घेऊन ती दारात उभी राही आणि पाणी बदलायला उशीर झाला की बब्रुवानला कामचुकार म्हणे.

पहिल्या खेपेला नवं पाणी घातल्यावर अर्ध्या तासात दोन्ही मासे वर आले आणि तोंडं उघडून आ वासायला लागले. बब्रुवानच्या पाचावर धारण बसली. समोर राहणारे निवृत्त शिक्षक भीमाशंकर मास्तर धावत आले. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि ते जांभया देत आहेत असा निर्वाळा दिला. सरूबाईच्या मते त्यांना उष्णता झाली होती आणि सब्जाचं बी घालायला हवं होतं. सत्यभामेनं पाणी नाकाशी नेलं आणि ती म्हणाली, "पान्याला दवाखान्याचा वास यायलाय." शेवटी बब्रुवान गुरांच्या दवाखान्यात पळाला आणि गुलाब बनसोड्यांना घेऊन आला.

गुलाब बनसोडे हे दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक, पण सगळं गाव त्यांना डॉक्टरच म्हणे. गल्लीत ते यापूर्वी तीनदा आले होते, तिन्ही वेळा म्हशीसाठी आणि तिन्ही वेळा अंगणापर्यंत. तेव्हा त्यांना कुणी साधं पाणी विचारलं नव्हतं, आणि तेव्हा दुष्काळही नव्हता. आज मात्र बब्रुवाननं त्यांना हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं, कारण पेटी तिथं होती. सत्यभामेनं तांब्या पुढं केला. बनसोड्यांनी तांब्याकडं पाहिलं, मग पेटीकडं पाहिलं, आणि म्हणाले, "माशामुळं का हुईना, आत आलो म्हनायचं." बब्रुवान उगाच घसा खाकरत राहिला.

"टीसीएल हाय," बनसोड्यांनी निदान केलं. "साथ येऊ न्हाय म्हणून टँकरात पावडर टाकत्यात. पानी दिवसभर उघडं ठिवा, मग घाला."

दुष्काळात तीन घागरी पाणी दिवसभर उघडं ठेवायचं म्हणजे त्यांच्याजवळ राखण बसायला हवी. बब्रुवाननं रजा काढली आणि ऑफिसची पँट घालून, हातात वेताची काठी घेऊन तो अंगणात घागरींसमोर बसला. कावळे आले, म्हैस आली, ओळखीची माणसं सहज म्हणून आली. येणारा प्रत्येकजण आधी घागरीकडं बघे आणि मग त्याच्या तब्येतीची चौकशी करी. पदवीधर माणसावर ही वेळ यावी याचं त्याला फार वाईट वाटलं, पण तो उठला नाही.

माशांच्या खाण्याचा पुडा कोंबडीनं फोडून संपवला तेव्हा त्यानं पोरींच्या वाट्याची सुकडी चुरून घातली. खडी फोडणाऱ्यांना सरकार देई तीच सुकडी. तासाभरात पाणी गढूळ झालं आणि निजाम तळाशी जाऊन रुसल्यासारखा बसला. "मानसाला पचंना ती, मासुळीला काय पचंल?" बनसोडे म्हणाले आणि त्यांनी गांडुळं सुचवली. ओलावा नसलेल्या गावात गांडूळ शोधणं हे काय प्रकरण असतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. संघाचा लिपिक रोज सकाळी सार्वजनिक नळाच्या चौथऱ्याखाली खुरपं घेऊन उकिडवा बसलेला लोकांनी पाहिला. नळ कोरडा होऊन आठ महिने झाले होते.

एवढं करताना बब्रुवाननं एक रजिस्टर घातलं होतं. हाडाचा लिपिक तो. रोज सकाळी दहाला पेटीसमोर बसून तो लिही: "निजाम: हालचाल समाधानकारक. दिवाण: भूक बरी, मन लागत नाही." तो लिहायला बसला की दिवाण हमखास काचेजवळ येऊन थांबे आणि त्याच्याकडं पाहत राही. सात वर्षांत कचेरीत कुणी त्याच्याकडं सलग इतका वेळ पाहिलं नव्हतं. विसाव्या दिवशी सत्यभामेनं त्याला दिवाणाशी बोलताना पकडलं. तो दिवाणाला हुकमाची हकीकत सांगत होता.

बाविसाव्या दिवशी रजिस्टरात नोंद झाली: "दिवाण: दोन्ही गालांवर पांढरे पुरळ. डावीकडे नऊ, उजवीकडे अकरा. निजाम: पोट फुगले आहे. दिवाण निजामाच्या मागे लागून त्यास पोटात ढुसण्या देतो." आठ दिवसांत आप्पा येणार होते आणि एक मासा पुरळानं भरला होता, दुसरा फुगला होता. बनसोडे नेमके गुरांच्या छावणीवर गेले होते. तेव्हा सरूबाईनं पाहिलं.

तिनं पाहिलं आणि लगेच दोन्ही हात जोडले. "बब्रू, चपला काड. बाई आल्यात."

बाई आल्या म्हणजे देवी आल्या. सरूबाईच्या तोंडावर लहानपणीच्या देवीचे व्रण होते, त्यामुळे या विषयात तिचा शब्द अखेरचा. दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद झाली, आणि एका घरात फोडणी देऊन चालत नाही म्हणून सगळ्या गल्लीची बंद झाली. पेटी बाहेरच्या खोलीत आणून दिवाणासमोर दहीभाताचा नैवेद्य ठेवण्यात आला. तुळजापूरच्या वाटेवरचं गाव ते, देवीच्या बाबतीत तिथं कुणी धोका पत्करत नाही. दुसऱ्या दिवशी बाया ओटी घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी हैदराबादकडं निघालेला एक ट्रक हमरस्त्यावर थांबला आणि ड्रायव्हर नारळ घेऊन "मछलीवाली माता किधर है" असं विचारत गल्लीत शिरला. बब्रुवान सगळ्यांना सांगत होता की हा आप्पांचा मासा आहे. लोक त्याला नमस्कार करून पुढं जात होते.

आता त्या साली सरकारनं देवीच्या रोगाविरुद्ध कंबर कसली होती. कुठं रुग्ण निघाला की ताबडतोब कळवायचं, असा कडक हुकूम होता. आरोग्य पर्यवेक्षक उत्तरेश्वरराव बस स्टँडवर चहा पीत असताना त्यांच्या कानावर गेलं की साळेगावकरांच्या घरी दिवाणाला देवी आल्यात, दोन वर्षांचा आहे, गालभर पुरळ आहे. वर्षभर ते एका रुग्णाच्या शोधात वणवण फिरत होते. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि तिथंच बाकावर फॉर्म भरला. नाव दिवाण, वय दोन, पूर्वीची लस नाही. पोस्टात जाऊन उस्मानाबादला तार केली आणि मग रुग्ण बघायला आले.

पेटीसमोर उत्तरेश्वररावांनी हातातला फॉर्म पाहिला, पेटीतला दिवाण पाहिला. मग त्यांनी टोपी काढून घाम पुसला.

"साळेगावकर, हा मासा आहे."

"मी कधी नाही म्हणालो साहेब?"

"तार गेली हो माझी. रुग्णाला नंबर पडला. न बघता तार केली असं कळलं तर मी निलंबित होतो." आणि हा सरकारी माणूस बब्रुवानच्या हातापाया पडायला लागला. "नंबर पडलेला रुग्ण रद्द करता येत नाही. फॉर्मात दोनच रकाने आहेत, बरा किंवा मयत. बरा म्हणायला खपल्या पडाव्या लागतात, सहा आठवडे. तोवर नियमानं जावं लागेल. तुम्ही मला सांभाळून घ्या."

माणसाची नोकरी धोक्यात असल्यावर काय वाटतं हे बब्रुवानइतकं गल्लीत कुणाला कळत होतं? त्यानं मान डोलावली. त्याच दुपारी सगळ्या गल्लीला टोचण्यात आलं. फुगलेले दंड घेऊन सगळी गल्ली बब्रुवानच्या नावानं बोटं मोडू लागली. दारात पहारा बसला. पहारेकरी म्हणून बिराप्पा नावाचा धनगर नेमला होता. त्याची सगळी मेंढरं दुष्काळात गेली होती, आता राखायला माणसं मिळाली. ती त्यानं मन लावून राखली. बब्रुवान, सत्यभामा आणि पोरी आत अडकल्या. दारावर छापील हुकूम चिकटवला होता: आत जाईल तो सहा आठवडे बाहेर येणार नाही, कोणाचीही गय केली जाणार नाही. खाली सही, महालिंगप्पा, अध्यक्ष, तालुका साथरोग निवारण समिती. तीही समिती आप्पांकडंच होती.

छावणीवरून परतलेल्या बनसोड्यांना बिराप्पानं सोडलं, कारण हुकमात जनावरांच्या डॉक्टराबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. बनसोड्यांनी भिंग लावून दिवाणाचे गाल पाहिले, निजामाचं पोट पाहिलं आणि ते हसायला लागले.

"आवं साळेगावकर, रोग न्हाय ह्यो. नर माजावर आलाय. तवा गालावर आसं दानं येत्यात. प्रशिक्षणात दावलं होतं आमाला. आन् ह्यो फुगलेला तुमचा निजाम, ती मादी हाय. अंडी हायत पोटात."

"निजाम बाई आहे?"

"बेगम म्हना."

बब्रुवानला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून की काय, त्यानं ते लगेच पुसलं. दोघंही ठणठणीत होते. नुसते ठणठणीत नव्हे, आप्पांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे अगदी खुशीत होते. त्यानं खिडकीतून उत्तरेश्वररावांना हाक मारून सगळं सांगितलं. उत्तरेश्वरराव खिन्नपणे म्हणाले, "असेल. पण फॉर्मात माजाचा रकाना नाही."

बरोबर तिसाव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. काश्मिरी टोपी घातलेले आप्पा उतरले, गाल लाल, पोट दोन बोटं पुढं आलेलं. दोन दिवसांनी संघाची निवडणुकीची सभा होती. उपाध्यक्षांनी आप्पांच्या गैरहजेरीत बरीच माणसं फोडली होती, आणि हैदराबादच्या ज्योतिषानं सांगितलं होतं की मासे केबिनमध्ये असतील तोवर खुर्ची हलणार नाही. त्यामुळे आप्पा घाईत होते.

"आत जाऊ नगा साह्यब," बिराप्पा म्हणाला. "गेलाव तर बाहीर न्हाय यायचं."

"मला ओळखतूस का?"

"न्हाय. पर हुकूम हाय."

आप्पांनी त्याची काठी बाजूला सारली आणि ते आत शिरले. पेटीकडं पाहून त्यांनी समाधानानं मान हलवली. दोन मासे, दोन्ही जिवंत. "शाबास बब्रू," ते म्हणाले. "उचला पेटी." आणि ते बाहेर जायला वळले तेव्हा दारात काठी आडवी झाली. उत्तरेश्वरराव धावत आले, पण बिराप्पानं येणाऱ्या प्रत्येकाच्या नावानं भिंतीवर कोळशाची रेघ ओढली होती आणि संपर्कात आलेल्यांच्या यादीत आप्पांचा नंबर पाचवा लागला होता. आप्पांनी आरडाओरडा केला. तेव्हा भीमाशंकर मास्तरांनी बाहेरून त्यांना दारावरचा हुकूम मोठ्यानं, स्वल्पविरामांसकट वाचून दाखवला, सहीपर्यंत.

अशा रीतीनं दुष्काळाचा अभ्यास करून आलेले अध्यक्ष दोन खोल्यांत दुष्काळात राहायला आले. संध्याकाळी त्यांनी आंघोळीचं पाणी मागितलं. सत्यभामेनं एक तांब्या पुढं केला.

"आन् बाकीचं?"

"बाकीचं तुमच्या माशास्नी," ती म्हणाली. "म्हैनाभर त्यांनाच दिलं. माझ्या पोरींच्या डोक्याला पाणी लागून बारा दिस झालेत आप्पा. इचारा त्यांना."

आप्पांनी तांब्या उचलला. त्यांनी तांब्याभर पाण्यात तोंड धुतलं, हात धुतले, पाय धुवायच्या आधी ते संपलं. नंतर ते बराच वेळ काश्मीरच्या सरोवराबद्दल बोलत राहिले. तिथं पाणीच पाणी असल्यामुळं दुष्काळ पडत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं. पोरी कान देऊन ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीपचा ड्रायव्हर खिडकीशी येऊन कुजबुजला की उपाध्यक्षांनी अजून चार संचालक गळाला लावलेत. आप्पांनी उत्तरेश्वररावांना खिडकीशी बोलावलं. "यातनं सुटायचा मार्ग सांगा."

"बरा व्हायला सहा आठवडे," उत्तरेश्वरराव म्हणाले. "मयत असेल तर लगेच. पहारा उठतो. फक्त दोन पंचांनी प्रेत बघून सही करायची."

आप्पांची नजर पेटीकडं गेली. मग आप्पांनी ड्रायव्हरला कचेरीत पाठवलं आणि ड्रॉवरमधला हुकूम मागवला. खिडकीच्या गजांतून तो आत आला, दीड वर्षाच्या धुळीसकट. आप्पांनी तो मांडीवर पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बब्रू, दिवाणाला मयत कर. सही करतो."

"आप्पा, त्याला काही झालेलं नाही. तुम्ही म्हणालात, खुशीत पाहिजे."

"मासाच हाय त्यो. हैदराबादला दुसरा मिळतो."

बब्रुवान पेटीपाशी गेला. रजिस्टरची वेळ झाली असं समजून दिवाण काचेजवळ येऊन थांबला होता. याच्यासाठी त्यानं लेकींच्या तोंडचं पाणी काढलं होतं, काठी घेऊन उन्हात बसला होता, गांडुळं खणली होती, आणि आता एका सभेसाठी हा पेटीतून काढून टाकायचा. दुसरा मिळतो. हेच वाक्य दर सहा महिन्यांनी त्याच्याबद्दलही अध्यक्षांच्या खुर्चीतून बोललं गेलं असणार. दिवाणही हंगामीच होता. बब्रुवानला आप्पांचा इतका राग आला की त्याचा त्यालाच धक्का बसला. पण सात वर्षं लिपिकी केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. कागदावर काय होतं आणि जगात काय होतं यांचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही.

तो वळला आणि म्हणाला, "सही आधी, आप्पा."

असं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता. आप्पांनी त्याच्याकडं टक लावून पाहिलं. मग त्यांनी सही केली आणि खाली तारीखही घातली.

बब्रुवान पेटीत तपेली बुडवून दिवाणाला घेऊन स्वयंपाकघरात गेला. सत्यभामेनं न विचारता रांजणाचं झाकण उचललं. दिवाण रांजणात गेला, झाकण बसलं. मग तिनं मागच्या भिंतीवरून सरूबाईला हाक मारली आणि दोन बोटांत मासा धरल्यासारखी खूण केली. सरूबाईच्या मडक्यात आठवड्याच्या बाजारातला सुका बोंबील नेहमी असे. तिनं त्यातला बरा दिसणारा एक निवडून भिंतीवरून दिला.

पंचनामा अंगणात झाला. ताटलीत पांढऱ्या फडक्याखाली मयत ठेवलं होतं. आप्पा पिढीजात शाकाहारी, ते उपरणं नाकाला लावून लांब उभे होते. "इतक्यात वास सुटला?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळा आहे, आप्पा."

उत्तरेश्वररावांनी लिहून घेतलं: मयताचं नाव दिवाण, वय अंदाजे दोन, बांधा सडपातळ, अंगावर वस्त्र नाही. पहिले पंच भीमाशंकर मास्तर. आयुष्यभर खरं बोलायला शिकवलेलं, म्हणून त्यांनी आधी चष्मा काढला आणि मग फडक्याखाली पाहिलं. "मला जे दिसतं ते माशासारखं आहे," एवढंच सांगून त्यांनी सही केली. दुसरी पंच सरूबाई. तिनं अंगठा उठवला आणि मोठ्यानं गळा काढला. तो इतका खरा वाटला की बिराप्पानंही डोक्याचा पटका उतरवला. बनसोडे वाटेवरून चालले होते. त्यांनी ताटलीत वाकून पाहिलं, बब्रुवानकडं पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "लई दिसापूर्वी गेलेला दिसतुय."

उत्तरेश्वररावांनी ते ऐकलं नाही. त्यांनी मयतच्या रकान्यात फुली मारली आणि आठवड्याभरात पहिल्यांदा सरळ उभे राहिले.

आप्पा पहिले बाहेर पडले. ड्रायव्हरनं पेटीकडं बोट केलं तेव्हा बब्रुवाननं हळूच सांगितलं की निजाम हा निजाम नसून बेगम आहे, पोटात अंडी आहेत. आप्पांचा चेहरा उतरला. दोन वर्षं ज्याला कोंडल्याचं ते सगळ्यांना सांगत होते ती एक बाळंतपणाला आलेली बाई निघाली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," ते म्हणाले. बब्रुवाननं बेगमला तपेलीत काढून रांजणात सोडलं; आप्पांनी नुसती रिकामी पेटी नेली आणि सभेत ते एका मताच्या फरकानं निवडून आले. भाषणात त्यांनी सांगितलं की दुष्काळाचा अनुभव घेण्यासाठी आपण एका गरीब कर्मचाऱ्याच्या घरी एक तांब्या पाण्यावर स्वखुशीनं राहिलो. भाषण बब्रुवाननं लिहिलं नव्हतं, तरी टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी गल्लीत बऱ्याच दिवसांनी फोडणी बसली. सरूबाईनं मयत परत मागून घेतलं आणि ठेचा लावून भाकरीबरोबर खाल्लं. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक-एक तांब्या पाणी सत्यभामेच्या ओट्यावर आलं. दंड अजून सगळ्यांचे दुखत होते, पण गुन्ह्यात सगळेच सामील झाले होते.

दहा दिवसांनी बनसोड्यांनी रांजणात डोकावून पाहिलं आणि मोठ्या दोघांना मातीच्या डेऱ्यात हलवायला लावलं. बब्रुवान वाकला. पाण्यात पापणीच्या केसाएवढी पिल्लं हलत होती. मोजता मोजता तो एकशे चाळीसपर्यंत आला आणि पुढं त्याचा नाद सोडला.

"आता यांची नावं काय ठिवायची?" सत्यभामेनं विचारलं.

बब्रुवाननं रजिस्टर आणलं आणि नवं पान उघडलं. "पिल्ले अंदाजे दीडशे. प्रकृती उत्तम," असं लिहून सवयीनं पुढच्या रकान्यात तो 'हंगामी' असं लिहून गेला. मग थांबला. त्यानं तो शब्द खोडला, वर 'कायम' लिहिलं आणि कुणाच्याही ड्रॉवरची वाट न पाहता खाली स्वतः सही केली.